चाक लहान करताना

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाचे नाव एका खेळण्यावरून पडले आहे, हे आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेला रोहसेन आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या गाडीत घालते. आणि तेच दागिने पुढे चारुदत्ताच्या गळ्याशी येतात. गाडी मातीची की सोन्याची, यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. ती कुणी कशी घडवली असेल, तिची चाके फिरत असतील का, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकाला सहसा पडत नाही. तो पडायला हवा, एवढेच येथे मांडायचे आहे.

घरातल्या एखाद्या खोलीत छोटा लेथ बसवून मोटारींच्या प्रतिकृतींसाठी चाके कातणारी माणसे आहेत. त्यांच्या उद्योगाला आपण ‘छंद’ म्हणतो, आणि त्या शब्दातच थोडी उपेक्षा असते. वास्तविक कातकाम मराठीला परके नाही. सूत कातावे तसे लाकूडही कातले जाते. कातीव खांब आणि कातारी हे शब्द कोशात आहेत. आणि सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी कातकामाच्याच परंपरेतली आहेत. फरक पडतो तो मापाच्या काटेकोरपणाने.

एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा झालेली पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. तिची रिम १४ इंची, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर. १:२४ या प्रमाणात ती १५ मिलिमीटरही भरत नाही. १:४३ या प्रमाणात तर जेमतेम सव्वाआठ. हे काहीसे विचित्र वाटणारे १:४३ प्रमाण ब्रिटिश खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मापावरून आले. तेथे एका फुटासाठी ७ मिलिमीटर धरत.

आता अशी चार चाके करायची. ॲल्युमिनियमचा रॉड चकमध्ये धरायचा, त्याचे तोंड सपाट करायचे, मध्यभागी भोक पाडायचे, आणि रॉड चकमधून न काढता त्याच बैठकीत बाहेरचा व्यास कातायचा. काम काढून पुन्हा धरले की भोक आणि कड यांचे केंद्र एकच राहील याची खात्री उरत नाही. ते केंद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी हुकले, तरी खऱ्या गाडीच्या हिशेबात ती चूक २.४ मिलिमीटरची होते. चाक फिरू लागताच लचकते आणि डोळ्याला ते लगेच कळते. पहिले चाक साधले तरी काम संपत नाही. उरलेली तीन हुबेहूब तशीच उतरावी लागतात.

याहून महत्त्वाची अडचण निराळीच आहे. सर्वच मापे सारख्या प्रमाणात लहान करता येत नाहीत. रिमचा पत्रा ३ मिलिमीटरचा धरला, तर १:२४ मध्ये तो मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका पातळ व्हायला हवा. तेवढी कड हत्याराच्या दाबाने वाकते. मग कारागीर कड जाडच ठेवतो, पण आतल्या बाजूने ती उतरती कातून पातळ भासवतो. काय मापाबरहुकूम ठेवायचे, काय भासवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे त्याला प्रत्येक चाकापाशी ठरवावे लागते. ते ठरवण्यासाठी मूळ चाक अवयवशः समजून घ्यावे लागते. या कामाला ‘वाचन’ याहून योग्य शब्द मला सुचत नाही.

आता हर्णेकडे वळू. सुवर्णदुर्गासमोरच्या या किनाऱ्यावर होड्यांतून उतरवलेली मासळी आणायला वर्षानुवर्षे बैलगाड्या थेट पाण्यात उतरत आल्या. बंदराचे वर्णन करताना आपल्या लेखणीला समुद्र, किल्ला आणि संध्याकाळचा लिलाव हमखास सुचतो. गाडीचे चाक सुचत नाही. लाकडी चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, कडेचे पुठ्ठे, त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव, चाक पेलणारा आस. ठिकठिकाणी लाकडी चाकाची जागा रबरी टायरने घेतली आणि हे शब्द बोलण्यातून कोशात गेले. कोशात ते सुरक्षित आहेत, असे समजून आपण स्वस्थ बसलो.

पण कोणा प्रतिकृतिकाराने उद्या हर्णेची गाडी करायला घेतली, तर नुसत्या शब्दांनी त्याचे भागणार नाही. चाकाचा व्यास ४ फूट असेल तर १:२४ प्रमाणात तो बरोबर २ इंच येईल, एवढे गणित कुणीही करील. मात्र तुंबा केवढा जाड, आरे किती, धाव किती रुंद, हे त्याला कोण सांगणार? आम्ही मराठीचे शिक्षक शब्द गोळा करतो आणि मापे सोडून देतो. ‘धाव म्हणजे चाकाची लोखंडी पट्टी’ असे लिहिले की आमचे काम झाले. त्या व्याख्येवरून चाक घडवता येत नाही.

१९७४ साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला धातूची चार शिल्पे सापडली: बैलांचा रथ, गेंडा, रेडा आणि हत्ती. ती सामान्यतः उत्तर-हडप्पा काळातील मानली जातात. त्यांतल्या हत्तीची चाके आणि आस हरवले आहेत; परंतु बैठकीखाली आस बसवण्याची जागा शिल्लक आहे. त्या जागेवरून आपण ठामपणे म्हणू शकतो की हा हत्ती चाकांवर चालत होता. घडवलेली वस्तू स्वतःच्या उणिवेचीही साक्ष देते. आपल्या शब्दसंग्रहात अशी जागा शिल्लक राहत नाही. तेथे माप गेले, तर ते होते हेही कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, मोजमाप हे अभियंत्याचे काम. साहित्याला त्याच्याशी काय कर्तव्य? परंतु ‘प्रमाण’ हा शब्द आपण समीक्षेतही वापरतो. तो पुराव्याच्या अर्थानेही येतो आणि परिमाणाच्या अर्थानेही. दुसरा अर्थ आपण यंत्रशाळेकडे सोपवला आणि पहिलाही दुबळा करून घेतला.

म्हणून एक साधी सूचना. बोलीच्या किंवा लोकसंस्कृतीच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी बंदरावर, सुताराकडे, लोहाराकडे जातात, तेव्हा वहीबरोबर मोजपट्टीही द्यावी. प्रत्येक शब्दापुढे त्या वस्तूचे माप, लाकडाची जात आणि एक ओबडधोबड का होईना आकृती असावी. ती नोंद पुरी आहे की नाही, याची परीक्षा लहान लेथवर चाक कातणाऱ्याकडून करून घ्यावी. तिच्या आधाराने त्याला चाक करता आले, तरच ती नोंद झाली असे मानावे.