शर्यतीची मैदाने कोणाची?

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांची गादी आणि सरफोजीराजांचा ग्रंथसंग्रह आठवतो. परंतु या जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे. तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी या गावी २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जणांना झोपडीत जिवंत जाळण्यात आले. मजुरीत थोडे जास्त भात मागणे, हा त्या शेतमजुरांचा गुन्हा! आणि त्याच वेळी, त्याच राज्याच्या राजधानीत, गिंडी येथे मद्रास रेस क्लब सुमारे १६० एकर सरकारी जमीन उपभोगीत होता. १९४५ साली, गोऱ्या साहेबाच्या अमदानीत, ९९ वर्षांचा पट्टा झाला. वार्षिक भाडे होते अवघे ६१४ रुपये.

तंजावर मतदारसंघातून १९६२ साली निवडून गेलेल्या करुणानिधींनी मुख्यमंत्री असताना १९७४ मध्ये शर्यतींच्या बंदीचा कायदा केला. १९८६ साली क्लब ताब्यात घेण्याचा दुसरा कायदा आला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला व क्लब सुटला. नीतीच्या नावाने लढलेली लढाई अशी हरली गेली. जमिनीचा प्रश्न मात्र तसाच उरला. वाढीव भाड्याची थकबाकी ७३० कोटींच्या घरात गेल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने पट्टा रद्द करून मैदानाला टाळे ठोकले.

मुंबईत महालक्ष्मीच्या २११ एकरांचा पट्टा २०१३ मध्येच संपला होता. २०२४ साली त्यातील १२० एकर उद्यानासाठी घेऊन ९१ एकर क्लबकडे ठेवण्याचे ठरले. गिरणगावच्या जमिनींचे काय झाले हे पाहिलेल्या मुंबईकर कामगाराने ‘उद्यान’ या शब्दावर चटकन विश्वास ठेवू नये, हे उघड आहे.

क्लबचालक करांकडे बोट दाखवितात. पैजेवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. त्यामुळे पैजा चोरट्या बुकींकडे वळतात, ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. परंतु धनिकांच्या करमणुकीचा धंदा तोट्यात जातो, म्हणून शहराच्या मधोमध शेकडो एकर जमीन त्यांना कवडीमोलाने का द्यावी?

या वादात ज्याचे नाव कोणी घेत नाही तो आहे सईस. पहाटे तबेला साफ करणारा, घोड्याला खरारा करणारा, आजारी जनावराशेजारी रात्र काढणारा. नालबंद, चारा वाहणारे, रोजंदारीवरचे माळी यांची गत तीच. पट्टा रद्द करण्याच्या हुकुमात थकबाकीचा हिशेब असतो, यांच्या पोटाचा नसतो. मैदाने सार्वजनिक व्हावीत, त्यांतील एक गुंठाही बिल्डरांच्या घशात जाऊ नये. आणि मैदानावर पाऊल ठेवण्याआधी सरकारने तेथील प्रत्येक कामगाराची नोंद करून त्याला उद्यानाच्या कामावर प्रथम हक्क व थकलेली देणी द्यावीत, ही मागणी चेन्नईत आणि मुंबईत एकाच वेळी उठली पाहिजे.