भरपाई कोणाच्या खिशातून?

३० नोव्हेंबर १९९४ रोजी केरळ पोलिसांनी तिरुवनंतपुरममध्ये एका शास्त्रज्ञाला अटक केली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या, म्हणजेच इस्रोच्या, क्रायोजेनिक प्रकल्पाची धुरा वाहणारे एस. नंबी नारायणन हे ते शास्त्रज्ञ. देशाची गुपिते विकली, हा त्यांच्यावरील आरोप. ज्या माणसाने फ्रान्समध्ये राहून द्रवइंधन इंजिनाचे तंत्र आत्मसात केले, ज्याच्या चमूने 'विकास' इंजिन देशाला दिले आणि ज्या इंजिनाच्या बळावर पुढे चांद्रयान आणि मंगलयान यांची उड्डाणे झाली, तो माणूस पन्नास दिवस कोठडीत होता. त्याच्या घरातील बायकामुलांना 'देशद्रोह्याचे कुटुंब' हे बिरुद शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी केव्हाच बहाल केले होते.

या प्रकरणाची सुरुवात मालदीवच्या एका महिलेच्या अटकेने झाली. तिच्या मुक्कामाची मुदत संपल्याचा एक साधा मामला बघता बघता आंतरराष्ट्रीय हेरगिरीचा कट बनला. रेखाचित्रे विकली म्हणावे, तर कोणती, हे कोणी सांगेना. जे तंत्र त्या वेळी भारताकडे पूर्णपणे आलेलेच नव्हते, ते विकले कसे, हा प्रश्न विचारण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी १९९१ मध्ये झालेला क्रायोजेनिक करार अमेरिकेच्या डोळ्यांत सलत होता. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान हस्तांतरणातून अंग काढून घेतले. आता हे इंजिन स्वबळावर करायचे, असा निर्धार ज्यांच्या खांद्यावर होता, नेमके तेच पुढच्या वर्षी गजाआड गेले. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे यशस्वी उड्डाण व्हायला ५ जानेवारी २०१४ हा दिवस उजाडावा लागला. मधली वीस वर्षे कोणी भरून द्यायची, याचा हिशेब कोणत्याही न्यायालयाच्या निकालपत्रात मावणारा नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये तपास सीबीआयकडे गेला आणि १९९६ मध्ये सीबीआयने प्रकरण निराधार असल्याचा अहवाल दिला. तपासातील चुकांसाठी जबाबदार असलेल्या पोलीस अधिकाऱ्यांविषयी राज्य सरकारला स्वतंत्रपणे कळविले. दरम्यान याच प्रकरणाच्या वावटळीत के. करुणाकरन यांचे मुख्यमंत्रिपद मार्च १९९५ मध्ये गेले होते आणि ते काँग्रेसमधीलच दुसऱ्या गटाच्या हाती पडले होते. एका शास्त्रज्ञाच्या अब्रूची होळी पेटली असताना तिच्यावर आपापली पोळी भाजून घेणारे हात कोणते होते, हे केरळमधील जनतेला चांगले ठाऊक आहे. पुढे डावी आघाडी सत्तेवर आली. सर्वहारांचे कैवारी म्हणविणाऱ्या या सरकारने काय करावे? सीबीआयला दिलेली संमती मागे घेऊन त्याच राज्य पोलिसांकडून फेरतपास करण्याचा आदेश काढला! सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९८ मध्ये तो रद्द ठरविला आणि आरोपींना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चापोटी देण्यास सांगितले.

येथून पुढची कथा भरपाईची आहे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मार्च २००१ मध्ये नारायणन यांना दहा लाख रुपये अंतरिम भरपाई द्यावी असे सांगितले. केरळ सरकारने काय केले? ते उच्च न्यायालयात गेले. ज्या राज्याच्या पोलिसांनी निरपराध माणसाला देशद्रोही ठरविले, त्याच राज्याने जनतेच्या पैशाने वकील उभे करून दहा लाखांविरुद्ध लढा दिला. ही रक्कम द्यावी, असे उच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०१२ साल उजाडले. अकरा वर्षे! या अकरा वर्षांत केरळमध्ये काँग्रेसप्रणीत आघाडीही सत्तेत होती आणि मार्क्सवादीही. खुर्चीवरचा झेंडा बदलला, सरकारी वकिलाचा युक्तिवाद बदलला नाही.

अधिकाऱ्यांवरील कारवाईचे तर आणखीच विचित्र. सीबीआयने १९९६ मध्ये जे कळविले, त्यावर राज्य सरकारने २०११ मध्ये आदेश काढला, आणि तो आदेश कारवाईची गरज नाही असा होता. उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने २०१४ मध्ये तो आदेश रद्द केला. २०१५ मध्ये खंडपीठाने एकसदस्य पीठाचा निर्णय फिरविला. तेव्हा सत्तरी ओलांडलेला हा वृद्ध शास्त्रज्ञ सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या पुन्हा चढला. १४ सप्टेंबर २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने पन्नास लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि अधिकाऱ्यांच्या भूमिकेची छाननी करण्यासाठी न्या. डी. के. जैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने नारायणन यांना पद्मभूषण दिले. २०२० मध्ये केरळ सरकारने स्थानिक न्यायालयातील त्यांचा दावा मिटविण्यासाठी आणखी एक कोटी तीस लाख रुपये दिले.

आयोगाचे दहा, सर्वोच्च न्यायालयाचे पन्नास आणि तडजोडीचे एकशे तीस, असे एक कोटी नव्वद लाख रुपये झाले. यातील किती रुपये त्या अधिकाऱ्यांच्या वेतनातून वा निवृत्तिवेतनातून वसूल झाले? सारा भार सरकारी तिजोरीवर पडला, म्हणजे केरळमधील नारळ सोलणाऱ्या मजुराने आणि आखातात घाम गाळणाऱ्याच्या कुटुंबाने भरलेल्या करातून ही भरपाई गेली. गुन्हा करणारा वेगळा आणि दंड भरणारा वेगळा, अशी ही व्यवस्था आहे. न्यायालयाने भरपाई दिली की वृत्तपत्रे न्यायाचा विजय झाल्याचे मथळे देतात. ज्याच्या हातून अन्याय झाला त्याला मात्र त्या दिवशी सकाळी चहासुद्धा कडू लागत नाही.

या विषयात स्वतंत्र भारताचा इतिहास मोठा बोलका आहे. फाळणीच्या धामधुमीत, सप्टेंबर १९४७ मध्ये, अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार मेरठमध्ये उतरला. पोलिसांनी त्याला संशयावरून पकडले आणि त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त करून मालखान्यात ठेवले. मालखान्याचा ताबा ज्या हवालदाराकडे होता, तो ऑक्टोबरमध्ये ते सोने घेऊन पाकिस्तानात पसार झाला. व्यापारी न्यायालयात गेला. कस्तुरीलाल खटला म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा हलगर्जीपणा मान्य केला. परंतु अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कृत्ये आहेत, सबब राज्य त्यासाठी उत्तरदायी नाही, असे ठरविले! निकाल देणारे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, महाराष्ट्राचेच सुपुत्र. ही स्थिती समाधानकारक नाही आणि संसदेने कायदा करावा, असे त्यांनी त्याच निकालपत्रात सुचविले. विधेयक संसदेत आले आणि व्यपगत झाले. त्यानंतर साठ वर्षे लोटली. 'राजा चूक करूच शकत नाही' हे इंग्रजी तत्त्व खुद्द इंग्लंडने १९४७ मध्येच कायदा करून बव्हंशी मोडीत काढले होते. आपण मात्र साहेब गेल्यावरही साहेबाची टाकून दिलेली टोपी डोक्यावर मिरवत राहिलो. ज्या भूमीत प्रजेची चोरीला गेलेली वस्तू परत मिळवून देता आली नाही, तर राजाने ती आपल्या कोषातून भरून द्यावी, असे धर्मशास्त्रकारांनी सांगून ठेवले, त्या भूमीत पोलिसांच्याच ताब्यातून गेलेल्या सोन्याची जबाबदारी राज्याने नाकारावी, याला काय म्हणावे?

पुढे १९८३ मध्ये रुदुल साह खटल्यात आणखी एका मराठी सरन्यायाधीशांनी, यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, ही कोंडी फोडली. बिहारमधील हा कैदी १९६८ मध्ये निर्दोष सुटला होता. तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यानंतरची चौदा वर्षे तो आत होता. न्यायालयाने त्याला तीस हजार रुपये देवविले. घटनेच्या ३२ व्या कलमाखाली थेट भरपाई देण्याचा मार्ग तेव्हा खुला झाला. १९९३ मध्ये निलबती बेहेरा खटल्यात, पोलीस कोठडीतील मृत्यूप्रकरणी दीड लाखांची भरपाई देताना, मूलभूत हक्कांच्या भंगापुढे सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्यांच्या वडिलांनी १९८३ मध्ये हा मार्ग खुला केला, तेच धनंजय चंद्रचूड २०१८ मध्ये नारायणन यांच्या खटल्याच्या पीठावर होते. एका घराण्याच्या दोन पिढ्या न्यायासनावर बसून गेल्या. या काळात संसदेने कायदा केला नाही.

कायदा नसल्याचा परिणाम असा की भरपाई हा पीडिताचा हक्क न राहता न्यायमूर्तींच्या विवेकावर अवलंबून राहणारी कृपा ठरते. कोणाला तीस हजार, कोणाला दीड लाख, कोणाला पन्नास लाख. यामागचे गणित कोणते? नंबी नारायणन यांच्याकडे लढण्याची जिद्द, शिक्षण आणि नाव होते, म्हणून ते चोवीस वर्षे टिकले. एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात खोट्या गुन्ह्यात अडकविलेल्या शेतमजुराने चोवीस वर्षे कशाच्या बळावर लढावे?

कायदा नसला की ती पोकळी राजकारण भरून काढते. १८ मे २००७ रोजी हैदराबादच्या मक्का मशिदीत स्फोट झाला. त्यात अनेक मुस्लीम तरुणांना पकडण्यात आले आणि ते पुढे सुटले. २०१२ मध्ये आंध्र प्रदेशातील काँग्रेस सरकारने अशा सुमारे सत्तर जणांना एकूण सत्तर लाख रुपये वाटण्याचा निर्णय केला. न्यायालयात दावा नाही, अधिकाऱ्याचा दोष सिद्ध नाही, सरकारी आदेशाने थेट वाटप! उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो आदेश रद्द केला. केवळ निर्दोष सुटका हा भरपाईचा आधार होऊ शकत नाही, ही न्यायालयाची भूमिका होती. त्या तरुणांपैकी कोणाचा खरोखरच छळ झाला असेल, तर त्याला भरपाई मिळायलाच हवी, त्याचा धर्म कोणताही असो. पण ती मिळावी छळ सिद्ध करून, छळ करणाऱ्याला शासन होऊन. मतपेढीकडे डोळा ठेवून धनादेश वाटणाऱ्या सरकारने एकाही अधिकाऱ्याला जाब विचारला नाही आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याचीही बाजू लंगडी करून ठेवली. न्याय करायचा नसला की पैसे वाटणे सोपे असते.

याच स्फोटप्रकरणी नंतर पकडलेले स्वामी असीमानंद आणि अन्य आरोपी एप्रिल २०१८ मध्ये निर्दोष सुटले. मालेगावच्या २००८ मधील स्फोटप्रकरणी साध्वी प्रज्ञासिंह, कर्नल प्रसाद पुरोहित आणि अन्य पाच जणांना ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. पुरोहित जवळजवळ नऊ वर्षे तुरुंगात होते. स्फोटातील मृतांच्या वारसांना आणि जखमींना भरपाई देण्याचा आदेश न्यायालयाने दिला, तो योग्यच होता. कोठडीत अनन्वित छळ झाला, असे साध्वी आणि कर्नल यांचे म्हणणे आहे. त्याची तड लावायची कोठे? ऊठसूट मेणबत्त्या पेटविणाऱ्या मानवाधिकारवाद्यांच्या लेखी या दोघांना मानवाधिकार नव्हतेच. पण त्यांच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी तरी असा दावा चालविण्याची कायदेशीर वाट तयार केली काय?

हा प्रश्न घरातल्यांनाही विचारावा लागेल. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये, नारायणन निकालाच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, आपला २७७ वा अहवाल सादर केला. चुकीच्या खटल्यांच्या बळींसाठी विशेष न्यायालये आणि ठरावीक मुदतीत निकाल, अशी कायद्याची चौकटच त्यात मांडली होती. अहवाल फडताळात राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. इंग्रजी कायद्याचे जोखड उतरविल्याचा सार्थ अभिमान तेव्हा व्यक्त झाला. त्या संहितेचे ३९९ वे कलम मुळातून वाचावे. विनाकारण अटक झालेल्या माणसाला मिळू शकणारी भरपाई जास्तीत जास्त एक हजार रुपये! तीही ज्याने पोलिसांकरवी अटक करविली त्याच्याकडून. पोलिसांकडून वा राज्याकडून नव्हे. जुन्या संहितेच्या ३५८ व्या कलमातून ही रक्कम जशीच्या तशी उचलली आहे. एक हजार रुपयांत आज जामिनाचा कागदसुद्धा होत नाही. बेकायदा अटकेच्या बळीला भरपाईचा हक्क देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तरतुदीवर भारताने १९७९ मध्ये हरकत नोंदविली होती. आणीबाणीत तुरुंग भोगून आलेलेच तेव्हा सत्तेवर होते आणि परराष्ट्र खाते कोणाकडे होते, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. ती हरकत मागे घेणे दिल्लीतील सरकारच्या हातात आहे.

न्या. जैन समितीचा अहवाल पाहून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सीबीआयला तपास करण्यास सांगितले. २०२४ मध्ये पाच माजी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल झाले. गुजरातसंबंधी मानवाधिकारांची प्रवचने देण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आर. बी. श्रीकुमार यांचेही नाव त्यात आहे. आरोप सिद्ध होईपर्यंत तेही निर्दोषच मानले पाहिजेत. १९९४ मध्ये नंबी नारायणन यांच्या वाट्याला जे औदार्य आले नाही, ते यांना मिळायला हवे. अटकेला तीस वर्षे होत आली, तेव्हा कोठे हे आरोपपत्र आले.

या प्रकरणात नारायणन एकटे नव्हते. इस्रोमधील त्यांचे सहकारी होते, मालदीवच्या दोन महिला होत्या, बंगळूरचा एक कंत्राटदार होता. ग्लावकॉसमॉसचा बंगळूरमधील एक प्रतिनिधीही होता. २०१८ च्या निकालाच्या दिवशी सकाळीच तो बेशुद्धावस्थेत गेला आणि दोन दिवसांनी गेला. निर्णय काय लागला, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.