पदकाच्या कडेवरचं नाव

मागच्या शनिवार-रविवारी गाडी काढली आणि सातारा जिल्ह्यात फिरून आलो. कास नाही, महाबळेश्वर नाही. या वेळी ठरवून सैनिकांची गावं आणि छोटी संग्रहालयं बघायची होती. बायको म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कुणी स्मारकं बघत फिरतं का?" पण आली. मुलगा हायवेवरच्या मिसळीच्या आशेवर आला. मिसळ मिळाली. पण त्याहून महत्त्वाचं काहीतरी डोक्यात घेऊन परतलो, म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

पहिला थांबा अपशिंगे मिलिटरी. मिलिटरी हा शब्द गावाच्या नावातच आहे, आणि तो उगाच नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. इंग्रज सरकारने त्यांचं स्मारक गावात उभारलं. आजही इथल्या घराघरातून पोरं भरतीला जातात.

महायुद्धाच्या शिळा आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या आवारात. मजकूर साधारण एकच असतो: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे असतात, नावं बहुतेक ठिकाणी नसतात. इराकमधल्या बसरा स्मारकाचंही तेच. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. आपल्या मराठा पलटणी तिकडे मेसोपोटेमियात लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात महिनोन्‌महिने अडकल्या, उपाशी राहिल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कैद झाल्या.

पण त्याच सरकारने शिपायांना दिलेल्या युद्धपदकाच्या कडेवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असायची. म्हणजे शिळेवर गाव आहे पण नाव नाही, आणि पदकावर नाव आहे पण गाव नाही. दोन्ही एकत्र आले तर एक माणूस पूर्ण होतो.

आता घरची गोष्ट. माझे पणजोबा त्या लढाईत होते आणि जिवंत परत आले. त्यांचं चांदीचं पदक आमच्या घरी होतं. १९७२ च्या दुष्काळात आत्याचं लग्न निघालं, घरात पैसा नव्हता. आजीने ते पदक सोनाराकडे मोडायला दिलं आणि त्याची जोडवी केली. आजीला मी दोष देणार नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. चूक एवढीच झाली, की मोडण्याआधी कडेवरची ती एक ओळ कुणी कागदावर उतरवून घेतली नाही. आज आम्हाला पणजोबांची पलटण माहीत नाही, नंबर माहीत नाही. कुठे शोधायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करणार?

पुढच्या एका गावात (नाव घेत नाही) ग्रामपंचायतीच्या खोलीत सैनिकांचं छोटं संग्रहालय आहे असं कळलं. कुलूप. किल्ली कुणाकडे, हे समजायला अर्धा तास गेला. शेवटी एक निवृत्त हवालदार सायकलवरून आले. "कुठनं आलासा पाव्हणं?" म्हणत दार उघडलं. आत एक कपाट, जुना कोट, पाण्याची बाटली आणि भिंतीवर वीसेक फोटो. एकाही फोटोखाली नाव नाही. पण तात्या बोलायला लागले आणि भिंत जिवंत झाली. हा माझा चुलता, बेळगावला भरती झालेला. हा पासष्टला गेला. याची बायको अजून आहे, वरच्या आळीला राहते. सगळं तोंडपाठ. वय ऐंशीच्या पुढे.

मी विचारलं, "तात्या, हे कुठं लिहून ठेवलंय का?"

"कशाला? मला म्हाईत हाय की."

हेच तर भीतीचं आहे.

संध्याकाळी औंधला गेलो. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. छोट्या संस्थानाचा राजा, स्वतः चित्रकार. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. माझ्या पोराने ते नाव फोनवर शोधलं आणि म्हणाला, "बाबा, हे इथे कसं?" राजाने केलं म्हणून झालं, असं म्हणू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने जमवलेल्या वस्तूंवर उभं आहे. प्राचीन तगर नगराचा इतिहास एका माणसाच्या नादामुळे वाचला.

२०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा केवढी गर्दी झाली. व्हायलाच हवी होती. पण त्या वाघनखांवर आज आपण वाद तरी घालू शकतो, कारण ती ग्रँट डफला कुणी दिली हे सोबतच्या पेटीवर कोरून ठेवलंय. ती महाराजांचीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, हेही त्या संग्रहालयाने स्पष्ट सांगितलं. वस्तू जपणं अर्धं काम, नोंद ठेवणं उरलेलं अर्धं. ते दुसरं अर्धं आपण करत नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, गावात पाणी नाही आणि तुम्हाला संग्रहालय पाहिजे. मला इमारत नकोच आहे. फीत कापून बांधलेल्या आणि नंतर कुलूप लागलेल्या इमारती भरपूर झाल्या. मला दोनशे पानी वही पाहिजे. वस्तू काय, कुणाची, कुठून आली, माहिती कुणी सांगितली, तारीख. पदक असेल तर कडेचा फोटो. वस्तू ज्याच्या त्याच्या घरातच राहू दे. शाळेतली आठवी-नववीची पोरं दिवाळीच्या सुट्टीत हे करतील. संग्रहालय असेल तर किल्लीवाल्याचा फोन नंबर दारावर रंगवा. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती नावं एकदा मोठ्याने वाचा. खर्च शंभर रुपयेही नाही.

आणि आपण शहरात गेलेल्यांनी गावच्या जत्रेला गेल्यावर मटण खाऊन लगेच गाडीला किक मारायची नाही. तासभर अशा एखाद्या तात्यांजवळ बसायचं, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं.

मी पुढच्या रविवारी परत त्या गावी जातोय, वही घेऊन. त्या वीस फोटोंची नावं लिहून घ्यायची आहेत. तुमच्या गावात अशी शिळा, पदक किंवा असा तात्या असेल तर खाली सांगा. आणि सांगण्याआधी लिहून ठेवा.