थकव्याला डबा नव्हे, तपासणी हवी

लालबाग-परळच्या चाळींत हल्ली एक नवा पाहुणा शिरला आहे. पांढरा प्लास्टिकचा डबा, त्यावर हिरवे पान, आत कॅप्सूल. ओळखीचीच कुणी बाई तो घेऊन येते आणि सांगते, महिनाभर घ्या, थकवा पळून जाईल.

आमच्या घरीही तो आला. आमच्या वहिनी पहाटे चारला पाणी भरतात, डबे करतात, मग कामावर जातात. सहा महिन्यांपासून त्यांना जिना चढताना धाप लागत होती. घरच्यांनी त्याला आळस म्हटले. आम्हीही म्हटले, हे कबूल केलेच पाहिजे. मग अठराशे रुपयांचा डबा घेतला.

पहिल्या आठवड्यात त्यांना बरे वाटले, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. गुण डब्याचा की आशेचा? आम्ही वही घातली. रोज रात्री थकव्याला शून्य ते दहा गुण. दोन आठवडे कॅप्सूल, दोन आठवडे बंद, बाकी सारे तेच. दोन्ही पंधरवड्यांत फरक दिसला नाही. एका वहीने शास्त्र सिद्ध होत नाही; घेणाऱ्याला आपण काय घेतो ते ठाऊक असते आणि मन फसवते. पण दुसरा डबा घेण्याआधी रक्त तपासावे, एवढी अक्कल त्या वहीने दिली. हिमोग्लोबिन निघाले साडेआठ. बाईच्या रक्तात ते किमान बारा हवे.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या परळमध्ये १९२६ पासून केईएम रुग्णालय उभे आहे, तिथल्या बायांनी थकव्याचे निदान डबेवालीकडून करून घ्यावे, ही कुणाची नामुष्की? कामावरची रजा, रांग आणि खाडा यांचा हिशेब कष्टकरी बाईला परवडत नाही, म्हणून डबा घरी येतो.

कायदा काय सांगतो? २०१६ च्या नियमांनुसार अशा पूरक आहारावर, हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असे छापावे लागते. डब्यावर जे लिहिता येत नाही, ते विकणारी तोंडी सांगते. शिवाय काही डब्यांत बायोटिन असते. त्याने थायरॉईडच्या तपासणीचा निकाल चुकू शकतो. म्हणून डॉक्टरांना डबा दाखवा, लपवू नका. थकव्यामागे थायरॉईड, मधुमेह, क्षयही असू शकतो.

वहिनी आता डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घेतात. गोळीबरोबर चहा नाही, लिंबू चालते. गुण यायला वेळ लागेल.

महिला मंडळांनी भिशीबरोबर वर्षातून एकदा रक्ततपासणीही ठेवावी. आणि घरातल्या पुरुषांनी बाईच्या थकव्याला आळस म्हणण्याआधी एक सकाळ पाणी भरून पाहावे. ही चाचणी फुकट आहे.