वाघिणींच्या खोक्यांवरील अक्षर

माझे मामा इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डच्या दक्षिणेस डिडकॉट येथे राहतात. वय ७८. निवृत्तीनंतर त्यांनी वरच्या मजल्यावरची धाकटी खोली छोट्या आगगाडीसाठी राखून ठेवली. गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे त्यांच्याकडे राहण्याचा योग आला आणि त्या खोलीत मी बरेच काही शिकले. त्यातील काही गोष्टी मला पूर्वीच कळायला हव्या होत्या.

या छंदाकडे ‘खेळणी’ म्हणून पाहणाऱ्यांची मामांना कीव येते. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘ओओ’ मापात मूळ वस्तूच्या एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात. म्हणजे सुमारे १:७६. गंमत अशी की, या हिशेबाने रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर हवे, पण ते असते १६.५. अंगरखा एका मापाचा आणि जोडे दुसऱ्याचे! हा जुना घोळ सुधारण्यासाठी काही मंडळी चाके आणि रूळ नव्याने बसवतात. मामा तितके कर्मठ नाहीत.

त्यांचे खरे प्रेम इंजिनांवर नसून वाघिणींवर आहे, त्यातही ब्रिटिश रेल्वेच्या १६ टनी पोलादी कोळसा वाघिणींवर. तिच्या दोन आसांमधील अंतर ९ फूट, म्हणून प्रतिकृतीत ३६ मिलिमीटर. सुट्या भागांचा प्लास्टिकचा संच आणायचा, भाग धारदार पात्याने सोडवायचे, कडा कानशीने साफ करायच्या आणि काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून सांधायचे. चारही चाके काचेला टेकली पाहिजेत, एक जरी अधांतरी राहिले तरी वाघीण रुळावरून घसरते. मग करडा रंग, क्रमांक आणि कडेवर तिरकी पांढरी रेघ. ही रेघ शोभेची नाही. ती ज्या टोकाकडे चढत जाते, त्या टोकाला कोळसा ओतून देण्याचे दार असते. गंज दाखवण्यासाठी आधी तांबूस रंग द्यायचा, त्यावर ओलसरपणात मिठाचे कण टाकायचे, वर करडा रंग फवारायचा आणि वाळल्यावर मीठ झटकायचे. खालचा गंज ठिपक्याठिपक्यांनी उघडा पडतो. रक्तदाबाच्या रुग्णाने मीठ वापरावे, असे मला प्रथमच वाटले.

वाचकहो, मूळ मुद्दा आता येतो. प्लास्टिक सांधायला मामा ब्यूटेनोन हा द्रव वापरतात. कुंचल्याने फटीत एक थेंब सोडला की कडा किंचित विरघळून एकजीव होतात. खोलीत पाऊल टाकताच नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखा उग्र, गोडसर वास माझ्या डोक्यात गेला. खिडकी बंद होती. मामी म्हणाल्या, “मी तर दारातूनच परत फिरते, डोके दुखते माझे.” मामा शांतपणे म्हणाले, “अगं, हल्ली याला वासच येत नाही. कंपनीने काहीतरी बदललेले दिसते.”

बाटली तीच होती.

वास न येण्याची कारणे अनेक असतात: वय, जुनाट सर्दी, नाकातील कोंब, कोविडनंतरची हानी. म्हणून एवढ्यावरून मी काही ठरवले नसते. पण दुसऱ्या दिवशी मामांनी मला लाँग विटनम येथील पेंडन संग्रहालय दाखवायला नेले. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये ब्रिटनला आला. त्या खोऱ्यातील गवताने शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत आहेत, हे पाहून त्याने ती हुबेहूब मापात करून ठेवायला घेतली. त्या कामातून हे संग्रहालय उभे राहिले. ती पुठ्ठ्याची घरे, परसातली भाजी आणि खिडक्यांचे पडदे पाहताना मी हरखून गेले होते. परत गाडीकडे जाताना मात्र माझे लक्ष मामांच्या चालण्याकडे गेले. उजवा हात हलत होता, डावा अंगालगत स्थिर होता.

घरी आल्यावर मी त्या खोलीतील फळी पाहिली. पूर्ण झालेली प्रत्येक वाघीण मामा खोक्यात ठेवतात आणि वर क्रमांक व तारीख लिहितात. २०१२ ची अक्षरे ठळक आणि मोकळी होती. २०१७ ची जरा आखडलेली. गेल्या वर्षीची वाचायला मला चष्मा पुसावा लागला. दहा-बारा वर्षांचा वैद्यकीय इतिहास एका फळीवर मांडून ठेवलेला होता आणि मी दर रविवारी व्हिडिओवर त्यांच्याशी बोलत होते! त्यांचा चेहरा अलीकडे कमी हसतो, हे मला दिसले होते. मी ते थकव्यावर ढकलले होते.

गंध जाणे, अक्षर बारीक होणे, एका हाताचा झोका कमी होणे, चेहरा निर्विकार दिसणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे या गोष्टी एकत्र आल्या, तर पार्किन्सनच्या आजाराची शंका घेऊन डॉक्टरांना भेटावे. हात थरथरलाच पाहिजे असे नाही. मामांचा थरथरत नव्हता, म्हणून कोणालाच काही वाटले नाही. आणि कारण कोणतेही असो, ज्या ज्येष्ठांना वास येत नाही त्यांना स्वयंपाकाच्या गॅसची गळती किंवा विटलेले अन्न कळत नाही. अशा घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे आणि उरलेल्या अन्नावर तारीख लिहावी.

मामांशी बोलणे सोपे गेले नाही. “डॉक्टर पहिल्यांदा माझे पाते काढून घेईल,” हेच त्यांचे उत्तर. मी त्यांची डॉक्टर नव्हे, भाची. निदान करणे माझे काम नव्हते. मी २०१२ चे आणि गेल्या वर्षीचे अशी दोन खोकी शेजारी ठेवली आणि गप्प बसले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग मामींना हाक मारून म्हणाले, “भेटीची वेळ घे.” तेथील पद्धतीप्रमाणे त्यांच्या डॉक्टरांनी मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि शंका खरी ठरली.

पाते कोणी काढून घेतले नाही. गोळीचा परिणाम चांगला असतो त्या वेळेत बारीक काम, इतर वेळी देखावा: कोळशाची भुकटी पातळ गोंदाने चिकटवणे, गवत लावणे. कोपर मेजावर टेकवून आणि भाग लाकडी साच्यात धरून ते कापतात. द्रव वापरताना खिडकी उघडी, हा मामींचा नियम. छंद सोडायला सांगणाऱ्या नातेवाइकांशी मी दोनदा फोनवर भांडले. ज्या कामात माणूस तासभर बोटे, डोळे आणि मन एकत्र वापरतो, ते आजाराच्या भीतीने हिरावून घेण्यात मला कोणतेही शहाणपण दिसत नाही. मात्र पेसमेकर असलेल्या छांदिष्टांनी वाघिणी जोडायची शक्तिशाली चुंबके छातीजवळ नेऊ नयेत. कृत्रिम गवत उभे करणारे उच्च दाबाचे विद्युत उपकरणही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हाती धरू नये.

गेल्या रविवारी मामांनी नवी वाघीण कॅमेऱ्यासमोर धरली. रेघ दाराच्या टोकाकडेच चढली आहे, हे मी आधी तपासले. खोक्यावरचा क्रमांक आता मामी लिहितात. तो चुकला आहे, अशी मामांची तक्रार होती.