गाडगेबाबांचा स्वर उरला, इतरांचे काय?

संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगावच्या वाटेवर देह ठेवला. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, नोव्हेंबरात, मुंबईतील वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची बुद्धी झाली, म्हणूनच बाबांची अस्सल वऱ्हाडी बोली आणि श्रोत्यांना प्रश्न विचारून बोलते करण्याची त्यांची हातोटी आजही कानांनी अनुभवता येते. बाबांनी आयुष्यभर गावोगाव कीर्तने केली. त्यांतील बहुतेकांचा स्वर हवेत विरला. ग्रंथ शब्द जपतो. शब्दामागचा आवाज, त्यातील चढउतार आणि समोरच्या समुदायाचा प्रतिसाद मात्र मुद्रणाच्या फितीवरच टिकतो.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. पाठोपाठ व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत शिरला, आणि व्हिडिओ कॅमेरा लग्नमंडपापासून कीर्तनाच्या मंडपापर्यंत पोहोचला. पुढील दोन दशकांत अमरावती आणि अकोल्यातील असंख्य कुटुंबांनी आपल्या घरचा आणि गावचा इतिहास नकळत टिपून ठेवला. अंबादेवीचा नवरात्रोत्सव, मोझरीच्या गुरुकुंजातील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची मौन श्रद्धांजली, श्रावणात गांधीग्राम येथून पूर्णेचे जल घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला निघणारी कावड, शाळांची स्नेहसंमेलने, आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी. या प्रसंगांची चित्रणे मुंबई-पुण्याच्या अभिलेखागारात शोधून सापडणार नाहीत. असलीच तर ती माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, व्हीएचएस कॅसेटींच्या चळतीत आहेत.

त्या पेटीला आता वेळ उरलेला नाही. वऱ्हाडात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो; पत्र्याखालच्या माळ्याचे तापमान तर विचारायलाच नको. पावसाळ्यातील दमटपणाने फितीवर बुरशी धरते, उष्णतेने तिचा चुंबकीय थर दुबळा होतो. शिवाय कॅसेट शाबूत राहूनही उपयोग नाही, कारण ती वाजवणारे यंत्र दुर्मीळ झाले आहे. जगातील अखेरच्या व्हीसीआर उत्पादकांपैकी फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये हे उत्पादन थांबवले.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी डीव्हीडी रेकॉर्डर आला, तेव्हा हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. पिवळी, लाल आणि पांढरी पिन लावायची, व्हीसीआर सुरू करायचा, की दोन तासांची कॅसेट ४.७ गिगाबाइटच्या तबकडीवर उतरे. काही यंत्रांत हार्ड डिस्कही असे. आधी तीवर मुद्रण करून नको तो भाग कापायचा व मग तबकडी तयार करायची. सोय उत्तम होती. परंतु एका तबकडीवर सहा तास बसवण्याच्या मोहात चित्र भरड झाले. ‘फायनलाइझ’ करण्याची शेवटची पायरी राहून गेल्याने कित्येक तबकड्या दुसऱ्या यंत्राने स्वीकारल्याच नाहीत. अशा रेकॉर्डरमधील हार्ड डिस्कची मांडणीही बहुधा त्या यंत्रापुरतीच असते. यंत्र बंद पडले की डिस्क संगणकाला जोडूनही काही हाती लागत नाही.

घरी लिहिता येणाऱ्या तबकडीवर रंगद्रव्याचा एक सेंद्रिय थर असतो. लेसर किरण त्यावर खुणा उमटवतो. प्रकाश आणि उष्णता यांनी हा थर हळूहळू बिघडतो आणि एके दिवशी चित्र थबकते. हार्ड डिस्कचे तर सारे आयुष्य फिरत्या भागांवर अवलंबून. तिची अखेर अनेकदा पूर्वसूचना न देता येते. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले, यावरून काळाची दिशा कळावी. कोणतेही एक साधन कायमचे नसते. जतन ही एकदा करून मोकळे होण्याची गोष्ट नव्हे. देवघरातल्या समईप्रमाणे तिला वेळोवेळी तेल घालावे लागते.

मग करावे काय? पहिला नियम असा की जुनी कॅसेट केवळ पाहण्यासाठी लावू नये. जीर्ण फीत यंत्रात जाते, तेव्हा ते तिचे शेवटचे दर्शन ठरू शकते; म्हणून पहिल्याच फेरीला मुद्रण चालू असावे. दुसरा नियम असा की तबकड्यांतील मजकूर आताच संगणकावर घ्यावा आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा. त्यांतील एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे असावी. दर काही वर्षांनी दोन्ही तपासून नव्या साधनावर उतरवाव्यात. तिसरा नियम सर्वांत सोपा आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे: प्रसंग, गाव, तारीख आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहून ठेवणे. चेहरे ओळखणारी पिढी गेली की उत्तम चित्रणही मुके होते.

‘एवढे सगळे जपून काय करायचे?’ असा प्रश्न येईल, आणि तो गैर नाही. प्रत्येक लग्नाची पंगत जपण्याची गरज नाही. निवड हवीच, पण ती जाणतेपणाने व्हावी, बुरशीने करू नये. खासगी चित्रणे जाहीर करण्यापूर्वी त्यातील कुटुंबांची, आणि इतरांच्या कार्यक्रमांबाबत हक्कधारकांची संमती घ्यावी, हेही भान हवे.

हे काम एकेका घराच्या आवाक्यापलीकडचे आहे. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या जुन्या मूळ प्रती भस्मसात झाल्या. मोठ्या संस्थेचीही ही गत होते, तर सारे एकाच ठिकाणी ठेवणे किती धोक्याचे! वऱ्हाडात संस्थांची परंपरा मोठी आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. ही कर्तबगारी ज्या भूमीत घडली, तेथील संस्थाने, ग्रंथालये आणि महाविद्यालये यांना एक चालू स्थितीतील व्हीसीआर, एक संगणक आणि आठवड्यातून एक दिवस देणारे चार तरुण जमवणे कठीण नाही. नागरिकांनी कॅसेट आणावी, मूळ कॅसेट व एक प्रत घेऊन जावी, आणि संमती असल्यास दुसरी प्रत संस्थेत राहावी.

बाबांचे कीर्तन ज्यांनी मुद्रित केले, त्यांनी पुढच्या पिढ्यांवर ऋण करून ठेवले. ते फेडण्याची संधी आज वऱ्हाडातील माळ्यामाळ्यावर पडून आहे. येत्या वैशाखापूर्वी त्या पेट्या खाली उतरल्या पाहिजेत.