वाघ दिसला का विचारता, जिप्सीचा हँगर कधी पाहिला का?

आज वाघाचा फोटो नाही, गाडीच्या खालचा विषय आहे. थोडं लांब झालंय, पण ताडोबात ज्यांची गाडी चालते आणि ज्यांचे पाहुणे त्या गाडीत बसतात, दोघांनीही वाचा.

मी चंद्रपुरात गॅरेज चालवतो. मागच्या मे महिन्यात एक जिप्सीवाला पोरगा दुपारची सफारी आटोपून रात्री आला. "भाऊ, चार दिवसांपासून मागून टकटक आवाज येऊन राहिला. यू-बोल्ट कसून द्या फक्त." गाडी रॅम्पवर घेतली, टॉर्च मारला. पाटे ठीक, यू-बोल्ट ठीक. पण डाव्या पाट्याचं पुढचं टोक चेसिसला जिथं धरलेलं असतं, तो हँगर चेसिससकट तडकलेला. आधी कोणीतरी त्यावर जाड पट्टी ठोकून वेल्डिंग केलं होतं. तडा त्या पट्टीच्या कडेनंच पुढं गेला होता. त्या दिवशी दोन्ही सफारीत सहा पर्यटक, गाईड आणि तो, असे आठ जण त्या गाडीत बसले होते.

मी म्हटलं, चार दिवस थांबला कशाला रे? म्हणाला, "गाडी उभी केली तं नंबर जाते भाऊ. सीझन आहे."

माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यापाशी येऊन थांबतं.

आधी गाडीचं समजून घ्या. जिप्सी १९८५ ची. मजबूत चेसिस, पुढंमागं पाटे, हलकी गाडी, कुठंही चढते. म्हणून जंगलात तिला तोड नाही. पण २०१९ च्या सुमारास ती बंद झाली. म्हणजे आज जी सर्वांत नवी जिप्सी आहे, तीसुद्धा जुनीच. त्यात सफारीसाठी मागं उंच सीटा बसवल्या. माणूस सरासरी ६५ किलोचा धरला तरी आठ जणांचे ५२० किलो, आणि त्यातला बराच भार मागच्या ॲक्सलवर. खाली कच्चा रस्ता, रपटे, दिवसाला दोन फेऱ्या. प्रत्येक दणका पाट्यातून हँगरवर आणि हँगरमधून चेसिसच्या तेवढ्याच एका वितीवर येतो. पावसाळ्याचा चिखल तिथंच साचतो आणि लोखंड आतून खातो. वरून रंग चकाचक असतो.

हँगर सुटला तर काय होतं? त्या बाजूचा ॲक्सल मागं सरकतो आणि गाडी आपोआप एका अंगाला ओढते. मोहर्लीच्या डांबरी रस्त्यावर वेगात असताना हे झालं तर सरळ झाडावर. आत कोअरमध्ये झालं तर गाडीतून उतरायलाही मनाई, आणि समोर कोण बसलंय ते सांगता येत नाही.

हा रोग काही आपलाच नाही. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ टीआर-६ नावाची १९७० च्या दशकातली स्पोर्ट्स कार आहे. तिच्याही मागच्या बाजूला, जिथं डिफरन्शियल चेसिसला टांगलेलं असतं, तिथं तडे जातात. शौकीन लोक ती पूर्ण उघडतात, पत्रा लावून ती जागा पक्की करतात आणि मगच चालवतात. गाडी रविवारी फिरवायची असली तरी! आपली गाडी तर रोज आठ जीव घेऊन जाते.

पक्कं काम म्हणजे काय, तेही सांगतो. जाड पट्टी ठोकली म्हणजे मजबुती आली, हा गैरसमज आहे. एक जागा फार कडक झाली की तिच्या कडेला नवा तडा जातो. आधी पाटा उतरवा, बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी खाली घ्या. गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. हातोडी मारून बघा. भद्द आवाज आला तर तिथला पत्रा मेला, तो कापूनच टाका. तडा जिथं संपतो तिथं बारीक भोक पाडा म्हणजे तो पुढं जाणार नाही, मग वेल्ड करा. वरून चेसिसच्याच जाडीचा, दोन्ही टोकांना निमुळता, लांब पत्रा लावा म्हणजे भार वाटला जातो. चेसिसच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा वेल्ड मारू नका. नवे बुश टाका आणि आतून गंजरोधक मारा. दोन दिवसांचं काम आहे, दोन तासांचं नाही.

आणि इथंच गाडी अडते. दोन दिवस म्हणजे चार सफाऱ्या गेल्या. गाडीवर हप्ता आहे, घरी पोरं आहेत. मग पोरगा आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण तसं वागायला आपल्या पद्धतीनंच त्याला शिकवलं.

फिटनेस सर्टिफिकेट आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी लागतं, ते ठीक. पण वर्षातून एकदा पाहून मे महिन्यातला तडा कसा दिसणार? म्हणून माझी मागणी साधी आहे. एक, १ ऑक्टोबरला कोअर उघडायच्या आधी प्रत्येक जिप्सी रॅम्पवर चढवून हँगर तपासा; पावसाळ्याचे तीन महिने त्यासाठीच आहेत. दोन, सीझनच्या मधे, मार्चमध्ये, पुन्हा एकदा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: जो ड्रायव्हर स्वतःहून सांगेल की माझ्या गाडीला तडा आहे, त्याचा नंबर राखून ठेवा. दुरुस्ती करून आला की त्याच्या बुडालेल्या फेऱ्या त्याला द्या. खर्चाचा थोडा भाग सफारीच्या पैशातून उचला.

खरं सांगणाऱ्याचं नुकसान होणार असेल, तर कोणीच खरं सांगणार नाही. हे एटापल्ली-भामरागडकडच्या टपापर्यंत माणसं भरलेल्या जीपांनाही तेवढंच लागू आहे.

त्या पोराची गाडी मी दोन दिवस ठेवून घेतली. चिडला होता. चेसिसचा कापलेला तुकडा हातात दिला, तेव्हा गप्प झाला.

जिप्सीवाल्या भावांनो, आज घरी गेल्यावर मागच्या चाकाच्या पुढं वाकून टॉर्च मारा. काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल.